सहामाहीची यादी

'स्थळ' कुठल्या वर्षाचा धरायचा, यावरच सहामाहीतले उत्तम चित्रपट आणि अभिनय निवडायची आमची पहिली बैठक अर्धी संपली. जयंत दिगंबर सोमलकरांचा हा चित्रपट सप्टेंबर २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला, तिथे आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळवून आला आणि आपल्याकडे थिएटरला लागला ७ मार्च २०२५ला. मधल्या दीड वर्षात महोत्सवांना जाणाऱ्या अनेकांनी तो बघितला होता. त्यामुळे आमच्यातल्या काकांचं म्हणणं, "हा जुना झाला, यंदाच्या यादीत नको." मी म्हटलं, "काका, माझ्या आईनं तो मार्चमध्ये तिकीट काढून बघितलाय. तिच्यासाठी तो यंदाचाच." बरीच घासाघीस होऊन नियम ठरला तो असा: पुण्यात राहणाऱ्या कुणालाही, महोत्सवाचं डेलिगेट कार्ड वगैरे नसताना, थिएटरात तिकीट काढून किंवा घरी ओटीटीवर जो चित्रपट १ जानेवारी ते ३० जून २०२५ या काळात पहिल्यांदा बघता आला, तो यादीत. बाकी सगळ्या तारखा बाद.

नियम सरळ आहे, पण त्यानं बरीच उलथापालथ झाली. रीमा कागतींचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' २०२४ मध्ये टोरांटोला जाऊन आलेला, थिएटरात लागला २८ फेब्रुवारीला. तो आत. करण तेजपालांचा 'स्टोलन' व्हेनिसला २०२३ मध्ये दाखवलेला, प्राइमवर आला यंदा ४ जूनला. तोही आत. संध्या सुरींचा 'संतोष' मात्र बाहेर राहिला. शहाना गोस्वामींची मुख्य भूमिका असलेला, ब्रिटननं ऑस्करसाठी पाठवलेला हा हिंदी चित्रपट सेन्सॉरपाशी अडला आणि आपल्या थिएटरात लागलाच नाही. रोहन परशुराम कानवडेंच्या 'साबर बोंडं'ला जानेवारीत सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपटांच्या विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं, पण जूनअखेरपर्यंत तो इथे आला नव्हता, म्हणून तोही बाहेर. मराठी चित्रपटाला एवढा मोठा मान मिळावा आणि आमच्या यादीत त्याचं नाव नसावं, हे मला फार लागलं. तरी न बघितलेल्या चित्रपटाचं कौतुक करायचं नाही, यावर आमच्यात कधीच दुमत झालेलं नाही.

आम्ही म्हणजे कोथरूड-एरंडवण्यातली मोजकी माणसं. काहींची ओळख लॉ कॉलेज रोडवर फिल्म अर्काइव्हच्या सभागृहात चित्रपट बघताना झाली, काहींची फिल्म अ‍ॅप्रिसिएशन कोर्समध्ये. काका एका सिंगल स्क्रीन थिएटरात आयुष्यभर प्रोजेक्टर ऑपरेटर होते. रीळ बदलायची वेळ आली की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात जो ठिपका उमटायचा, त्यावर नजर ठेवायची त्यांची सवय डिजिटल प्रोजेक्शन येऊन इतकी वर्षं झाली तरी गेलेली नाही. आवाज कुठे दबला, फोकस कुठे सुटला, हे आमच्यात सगळ्यात आधी त्यांनाच कळतं. माझी नणंद मल्याळम चित्रपट सोडत नाही. सगळ्यात धाकटी मुलगी यवतमाळची, हिंजवडीत नोकरी करते, आणि यंदाच्या यादीवर तिचा ठसा सगळ्यांपेक्षा जास्त आहे.

वर्ष संपण्याआधीच यादी का, असं बरेच जण विचारतात. माझं कारण पक्कं आहे. मराठी चित्रपट शुक्रवारी लागतो, दुसऱ्या शुक्रवारी त्याचे शो दुपारी पावणेएक किंवा रात्री साडेदहा अशा वेळांना ढकलले जातात, तिसऱ्या शुक्रवारी तो शोधावा लागतो. मल्टिप्लेक्सनं मराठी चित्रपट प्राइम टाइममध्ये दाखवावा हे सरकारनं २०१५ साली बंधनकारक केलं, पण प्राइम टाइम म्हणजे दुपारी १२ ते रात्री ९ अशी त्याची व्याख्या झाली. नोकरदार माणसाला मंगळवारी दुपारचा शो मिळाला काय आणि न मिळाला काय, सारखंच. अशा चित्रपटाची आठवण डिसेंबरपर्यंत टिकत नाही. वर्षअखेरच्या याद्या निघतात तेव्हा दिवाळीनंतरचे चित्रपट डोक्यात ताजे असतात, जानेवारी-मार्चमधले धूसर झालेले असतात, आणि ज्यांची जाहिरात मोठी ते तेवढे लक्षात उरतात. मार्चमध्ये एका नवख्या मुलीनं केलेलं काम डिसेंबरमध्ये कुणाला आठवणार? म्हणून जूनअखेरीला थांबून नोंद करायची. पुढे वर्षअखेरीला काय बदलायचं ते बदलू, पण या नोंदीत आलेलं नाव गळत नाही.

यंदाचा १ मे घ्या. महाराष्ट्र दिनाला एकाच दिवशी 'आता थांबायचं नाय!' आणि 'गुलकंद' लागले, आणि त्याच दिवशी अजय देवगणचा 'रेड २'. दोन मराठी चित्रपट एकमेकांचेच शो खाणार आणि उरलेले हिंदीत जाणार, हे आदल्या दिवशीच तिकिटांच्या अ‍ॅपवर दिसत होतं. आम्ही चक्क वाटणी केली, निम्म्यांनी एक बघायचा आणि निम्म्यांनी दुसरा. नंतर दोन्ही चित्रपट चालले, लोकांनी उचलून धरले, याचा मनापासून आनंद झाला. पण ती चैन सगळ्यांना मिळत नाही. 'स्थळ'चा शो बघायला आम्ही गेलो तेव्हा तिकीट खिडकीवर आधी सांगितलं गेलं, "प्रेक्षक आले तर लावू." पुरेशी माणसं जमली तेव्हा पडदा उजळला.

त्या शोबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण पुढचा सगळा वाद तिथूनच निघाला. चित्रपट विदर्भातल्या डोंगरगावात घडतो आणि तिथल्याच माणसांनी त्यात कामं केली आहेत. सुरुवातीला सगळं उलटं आहे. मुलगा खाली मान घालून बसलाय, समोर बायकांची बैठक, आणि त्याला प्रश्न विचारले जातायत. हे नायिका सविताचं स्वप्न. मग ती जागी होते आणि खऱ्या कांदेपोह्यांच्या फेऱ्या सुरू होतात. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं आमच्या मागच्या रांगेत बोलीवर हसू फुटत होतं. 'पाहुणे' आले, पाणी झालं, चहा झाला, सविता स्टुलावर येऊन बसली, नाव, शिक्षण, उंची, छंद विचारून झाले, की हशा. हाच प्रसंग पुन्हा आला तेव्हा हसू कमी झालं. आणखी एकदा आला तेव्हा कुणीच हसलं नाही. माझ्या शेजारी यवतमाळची मुलगी बसली होती. मध्यंतरात ती एवढंच म्हणाली, "ताई, मलाही उंची अशीच विचारली होती. बाबांनी उत्तर दिलं होतं."

आता मतदान. आधीच्या वर्षी आम्ही प्रत्येक चित्रपटाला दहापैकी गुण द्यायचो आणि बेरीज करायचो. बेरजेत ज्याला जास्त जणांनी बघितलं तो आपोआप वर जातो. 'छावा' आमच्यातल्या प्रत्येकानं बघितला होता, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्यात सकाळी सातपासून त्याचे शो भरत होते आणि घराघरातून माणसं निघत होती. पिफ, म्हणजे पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, १३ ते २० फेब्रुवारी, 'छावा' लागला १४ला, त्यामुळे आमचे डेलिगेट कार्डवाले मागून गेले, पण गेले. मल्याळम 'पोनमॅन' बघितलेले मात्र तिघंच. बेरीज सोडून सरासरी काढावी तर उलटा घोळ: दोघांनीच बघितलेला, दोघांनाही बेहद्द आवडलेला चित्रपट पहिला येतो. काकांनी सुचवलं की निम्म्या लोकांनी बघितला नसेल तर तो चित्रपटच वगळावा. त्या हिशेबात 'स्थळ' काठावर होता आणि 'पोनमॅन' गेलाच होता. आठवडाभरात उतरवलेल्या चित्रपटाला कमी प्रेक्षकांची शिक्षा आम्हीही द्यायची, हे मला मान्य होणं शक्यच नव्हतं. आवाज चढले. नणंदेनं पोह्यांच्या बशा उचलून नेल्या आणि चहा उशिरा आणला.

तोडगा नणंदेच्या मुलानं काढला. तो इंजिनीअरिंगला आहे. त्यानं सांगितलं, गुण देऊच नका. दोन-दोन चित्रपटांची जोडी लावा, ज्यांनी दोन्ही बघितलेत त्यांनीच त्यातला एक निवडायचा, ज्यानं एकच बघितलाय त्यानं त्या जोडीला हात लावायचा नाही. अशा सगळ्या जोड्या झाल्या की कोण किती जोड्या जिंकला ते मोजायचं. त्यानं लॅपटॉपवर तक्ता केला आणि आम्ही एकेक जोडी घेत बसलो. वेळ भरपूर लागला, पण एवढा न्याय्य प्रकार आम्ही कधीच केला नव्हता. 'छावा' आणि 'स्थळ' ही जोडी आली तेव्हा दोन्ही बघितलेल्यांपैकी एक सोडून सगळ्यांचे हात 'स्थळ'साठी वर झाले, आणि विरोधातला एकमेव हात काकांचा नव्हता! ते म्हणाले, "मला तारखेवर आक्षेप होता, चित्रपटावर नाही."

'स्थळ' आणि 'सुपरबॉइज' ही जोडी सगळ्यात अवघड गेली. मालेगावात यंत्रमागाच्या गल्ल्यांमधून स्वतःचे चित्रपट काढणाऱ्या नासिर शेख आणि मित्रांची ही खरी गोष्ट. फैजा अहमद खान यांनी २००८ साली त्यावर माहितीपट केलेला आहे. काका त्याबद्दल बोलताना हळवे झाले. व्हिडिओ पार्लरमध्ये आलेल्या प्रेक्षकाला आपल्याच गावचा हिरो पडद्यावर दिसतो तेव्हा काय होतं, ते त्यांनी केबिनच्या खिडकीतून वर्षानुवर्षं बघितलेलं. एका मतानं 'स्थळ' पुढे गेला.

अभिनयाचा भाग याहून कठीण. आमच्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा निघाला: नंदिनी चिकटेनं सविता 'साकारली' म्हणायचं, की ती तशीच आहे? आमच्यातल्या एका नाटकवाल्या दादाचं ठाम मत, की ही त्या भागातलीच साधी मुलगी, कॅमेऱ्यासमोर स्वतःसारखी वावरली, त्याला अभिनयाच्या यादीत कसं बसवायचं? मला हे अजिबात पटत नाही. प्रभातच्या 'संत तुकाराम'मध्ये १९३६ साली जिजाई रंगवणारी गौरी कुठल्या नाट्यशाळेतून आली होती? प्रभातमध्ये ती आधी हलक्यासलक्या कामावर होती. तिच्या जिजाईचा संसारी करवादलेपणा आज बघितला तरी खरा वाटतो. ज्या स्टुडिओत तो चित्रपट झाला त्याच जागेवर १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे, आणि आपण पुणेकरच विचारतो की शिकलेला नट आणि न शिकलेला नट एका तराजूत कसे घालायचे?

सविताचे बघण्याचे प्रसंग मी मनात पुन्हा पुन्हा घोळवले. तिला विचारलेले प्रश्न तेच, तिची उत्तरंही जवळपास तीच. पण पहिल्या वेळी ती नाव सांगते त्यात थोडी उत्सुकता आहे, आपण काहीतरी चांगलं सांगतोय अशी. पुढच्या वेळी नाव तोंडपाठ झालेल्या धड्यासारखं येतं. त्यापुढे नाव सांगताना ती ऐकणाऱ्यांकडे बघतसुद्धा नाही. चित्रण सलग क्रमानं होत नसतं, प्रसंग तुकड्यातुकड्यांनी घेतले जातात. तरी या मुलीनं हा उतार अचूक धरलाय. स्वतःसारखं वावरून हे होत नाही. दादा ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "ठीक आहे, यादीत घ्या. पण माझं मत अमृताला."

अमृता सुभाषच्या 'जारण'मधल्या राधाला मत द्यायला कारणं भरपूर होती. हृषीकेश गुप्तेंचा हा चित्रपट ६ जूनला लागला, म्हणजे अगदी ताजा. करणी खरी की मनाचा आजार, हा झोका शेवटपर्यंत चालू ठेवायचा तर सगळा भार एका चेहऱ्यावर येतो. अमृतानं राधाला कुठेही 'वेडी' करून टाकलेलं नाही. लेकीशी बोलताना ती साधी आई असते, आणि पुढच्याच क्षणी तिची मान किंचित कलते, आवाज तोच राहतो, आणि अंगावर काटा येतो. आवाज न बदलता भीती आणणं ही फार वरची पायरी आहे. अनिता दातेची गंगुटीही तितकीच तयारीची, सहायक भूमिकेत तिचं नाव आलं.

'मिसेस'मधली सान्या मल्होत्रा तिसरी. आरती कडवांचा हा चित्रपट ७ फेब्रुवारीला झी५वर आला. मूळ मल्याळम चित्रपटात निमिषा सजयननं केलेलं काम माझ्या नणंदेच्या डोक्यात इतकं घट्ट बसलेलं की ती सान्याला जवळ येऊ देईना. रिमेकमधल्या अभिनयाला मूळ कामाशी तोलायचं का, यावर थोडं बोलणं झालं. ठरलं, की नाही तोलायचं. ज्या बाईनं मूळ चित्रपट बघितलेला नाही, तिच्यासमोर फुलके एकेक करून टेबलावर पोचवणारी, स्वतःचं ताट शेवटी वाढून घेणारी रिचा हीच पहिली आहे. माझ्या इमारतीतल्या दोन मावश्यांनी तो चित्रपट एकत्र बसून बघितला आणि त्यानंतर जिन्यात तासभर बोलत उभ्या राहिल्या.

मल्याळम-तमिळच्या बाबतीत आमचा एक नियम जुना आहे: डब केलेला आवाज ऐकून नटाला मत द्यायचं नाही. मूळ भाषेत, उपशीर्षकांसह बघायचं. अर्धं काम आवाजात असतं. 'थुडरुम'मध्ये मोहनलाल जुन्या अ‍ॅम्बेसेडर टॅक्सीवर जीव टाकणारा ड्रायव्हर आहे, आणि पहिला तासभर तो नुसता घरातला, गमत्या, थोडा थकलेला माणूस राहतो, हे बघण्यासारखं आहे. तरी आमच्याकडे जास्त चर्चा झाली ती त्यातल्या पोलीस अधिकाऱ्याची. प्रकाश वर्मा हे मूळचे जाहिरातपटांचे दिग्दर्शक, व्होडाफोनचे झूझू त्यांनीच केलेले. पडद्यावर मोठं काम पहिल्यांदाच, आणि मऊ आवाजात, हसून बोलत माणसाला चिरडणारा अधिकारी असा उभा केला की सहायक अभिनेत्याचं पान त्यांच्या नावावर पहिल्या फेरीतच बंद झालं. 'टुरिस्ट फॅमिली'लाही सगळ्यांनी जिव्हाळ्यानं मत दिलं. श्रीलंकेतून चोरून आलेलं तमिळ कुटुंब वस्तीला आपलंसं करतं, एवढीच गोष्ट, पण अबिशन जीविंत या नवख्या दिग्दर्शकाची माणसांवरची माया प्रत्येक प्रसंगात जाणवते.

मराठीतल्या पुरुष भूमिकांत भरत जाधवचं नाव माझ्याकडून होतं. 'सही रे सही' नाटकातला त्याचा वेग ज्यांनी बालगंधर्व रंगमंदिरात बघितलाय, त्यांनी 'आता थांबायचं नाय!'मधला महापालिकेचा चतुर्थ श्रेणी कामगार बघावा. दहावीचं पुस्तक हातात धरायलाही तो बिचकतो. बाकाखाली पाय कुठे ठेवावेत ते त्याला कळत नाही. ओम भुतकर त्यात रात्रशाळेचा शिक्षक आहे, आणि 'सुखन' या उर्दू शायरीच्या मैफलीमुळे पुणेकर त्याला जे ओळखतात त्यापेक्षा हे काम अगदी वेगळं, दबलेलं आणि गोड. 'फसक्लास दाभाडे'तल्या क्षिती जोगच्या तायडीवरही सगळे खूश होते. त्यावर फार बोलावं लागलं नाही.

पुरुषांत पहिलं नाव निघालं विनीत कुमार सिंहचं. १४ फेब्रुवारीला 'छावा'त कवी कलश, आणि दोनच आठवड्यांनी 'सुपरबॉइज'मध्ये लेखक फरोग. एका नटाची दोन कामं एकत्र मोजायची का? आम्ही म्हटलं, नाही, एकच धरायचं, आणि फरोग धरला. लिहिणाऱ्याला मान मिळत नाही याचा सल तो आरडाओरडा न करता खांद्यांतून दाखवतो. मैफलीत बसलाय, सगळे हसतायत, आणि तो हसण्यात अर्ध्या क्षणानं मागे असतो. बहुमत त्यालाच मिळालं आणि मला त्याचं वाईट वाटलेलं नाही.

माझं मत मात्र मी बेसिल जोसेफला दिलं आणि यादीखाली तसं वेगळं लिहून ठेवायला लावलं. 'पोनमॅन'मधला अजेश लग्नाला उधारीवर सोनं पुरवणारा दलाल. लग्नात आहेराचे पैसे जमतील त्यातून सोन्याची किंमत चुकती करायची, नाही जमले तर उरलेलं सोनं परत करायचं, असा व्यवहार. आहेर कमी पडतो, नवरी सोनं अंगावर घेऊन सासरी निघून जाते, आणि हा तिच्या मागे. बेसिल अंगानं किरकोळ, चेहरा शेजारच्या मुलासारखा. समोरचा नवरा अंगापिंडानं त्याच्या दुप्पट. अजेश मार खातो, दारू पितो, पुन्हा दारात जाऊन उभा राहतो, आणि प्रत्येक वेळी सोन्याचा हिशेब मागतो. आपण मुलीच्या बाजूनं बघायला बसतो, तिचा हुंडा तिच्याकडेच राहावा असं वाटतं, आणि तरी या वसुलीवाल्याचे पैसे बुडू नयेत म्हणून जीव वरखाली होतो. एकाच वेळी दोन्हीकडून प्रेक्षकाला ओढणारं असं काम या सहा महिन्यांत मला दुसरं दिसलं नाही. ज्यांनी अजून बघितला नाही त्यांना मी गाठून सांगतेय, आणि डिसेंबरच्या बैठकीपर्यंत 'पोनमॅन' बघितलेले तिघांचे निदान सहा झाले, की विनीत आणि बेसिलची जोडी मी पुन्हा लावायला सांगणार आहे.